एका दमात तीन कामं सांगू नका
मुलाला बोललेलं पटकन कळत नसेल तर 'हात धू, डबा दे आणि मग होमवर्कला बस' असं एका दमात सांगू नका, शेवटचंच काहीतरी डोक्यात राहतं आणि आपण म्हणतो ऐकतच नाही मेला. आधी टीव्ही बंद, समोर बसा, नाव घेऊन 'डबा दे' एवढंच, हवं तर डब्याकडे बोट दाखवा आणि मनात दहापर्यंत मोजा. (हे दहा आकडेच आपल्याला जड जातात!) मध्येच वेगळ्या शब्दांत परत सांगितलं की बिचाऱ्याची गाडी पुन्हा पहिल्यापासून. 'कळलं का?' विचारलं तर मान डोलावतातच, त्यापेक्षा 'काय आणणारेस?' विचारा. आणि हो, कानाची टेस्ट आधी करून घ्या, सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठूनही कमी ऐकू येतं. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत ऑडिओमेट्री (म्हणजे किती ऐकू येतं याची टेस्ट), स्पीच थेरपी दोन्ही होतं.