छपरावर सौरवीज घेण्यापूर्वी: गोव्यातील घरासाठी हिशेब

गोव्यात मोठे औष्णिक वीजकेंद्र नाही, त्यामुळे आपल्या विजेचा धूर आपल्याला दिसत नाही. घरात येणाऱ्या विजेचा मोठा भाग छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल यांसारख्या केंद्रीय प्रकल्पांतून शेकडो किलोमीटरच्या वाहिन्यांवरून येतो. त्यात वायूवर चालणाऱ्या केंद्रांचा आणि अणुविजेचाही वाटा आहे, पण मुख्य मदार कोळशावरच आहे. छपरावर सौरपॅनेल बसवण्याचा विचार करणाऱ्याने पहिला हिशेब तेथूनच मांडावा. सौरविजेचेही तोटे आहेत, ते पुढे येतीलच. पण ते कशाच्या बदल्यात पत्करायचे हे ठाऊक नसेल, तर विक्रेत्याने दिलेल्या कोणत्याच आकड्याचा अर्थ लागत नाही.

बिलावरचे युनिट

महिन्याचे वीजबिल समोर घ्यावे आणि रुपयांऐवजी युनिट पाहावेत. समजा, ते २५० आहेत. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते आणि एका युनिटसाठी असा अर्धा ते पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. सगळी वीज कोळशाची धरली, तर या एका घरासाठी महिन्याला पन्नास किलोच्या तीन गोण्या कोळसा जळाला आणि सुमारे पन्नास किलो राख मागे उरली. देशातील सर्व प्रकारच्या विजेची सरासरी काढली तरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला दोन टनांच्या वर. तापमानवाढीची झळ सगळ्यांना मिळून बसते. गंधकाचे वायू, पारा आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचणारे बारीक कण मात्र खाणीच्या आणि वीजकेंद्राच्या आसपास राहणाऱ्यांच्याच वाट्याला अधिक येतात. विंध्याचल केंद्र ज्या सिंगरौली भागात आहे, तेथे २०१९ आणि २०२० मध्ये वेगवेगळ्या प्रकल्पांच्या राखेच्या तळ्यांचे बांध फुटले; एप्रिल २०२० मध्ये त्या चिखलात माणसेही वाहून गेली.

येथे एक गल्लत टाळावी. वास्कोत खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले की काळी रेघ उमटते, आणि ‘सौरवीज आली की हा कोळसा थांबेल’ असे अनेक जण समजतात. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा मुख्यतः कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे रेल्वेने जातो; आपल्या घरातल्या दिव्यांशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. तुमच्या छपरावरच्या पॅनेलमुळे वास्कोतली धूळ कमी होणार नाही, ती लढाई वेगळी आहे. पॅनेलमुळे कमी होईल तो कोरब्यातला कोळसा.

आधी वापर कमी करावा

हा टप्पा विक्रेते वगळतात, कारण त्यात त्यांची विक्री घटते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) त्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास फिरत असतील, तर एवढ्या बदलाने महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात. आंघोळीच्या पाण्यासाठी विजेचा गिझर असेल, तर छपरावरचा सौर बंब हा पॅनेलपेक्षा साधा, टिकाऊ आणि स्वस्त उपाय आहे. हे सारे करून जे युनिट उरतील, तेवढ्यापुरतीच सौरसंचाची क्षमता ठरवावी.

पैशांबाबतही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोव्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो आणि खालचे टप्पे शेजारच्या महाराष्ट्राच्या मानाने बरेच स्वस्त आहेत. सौरवीज प्रथम तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातले युनिट वाचवते, नंतर स्वस्त. म्हणून महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराचे पैसे वसूल व्हायला फार वर्षे लागतात, तर वातानुकूलन यंत्र चालणाऱ्या घराचे लवकर होतात. पुण्यातल्या नातेवाइकाचे ‘चार वर्षांत वसूल’ हे गणित येथे जसेच्या तसे लावू नये.

सावली कशी मोजावी

गोव्यात सौरसंच फसतो तो बहुतेक वेळा माडामुळे. पॅनेलमधले घट (वीज तयार करणारे छोटे चौकोन, सेल) एकापुढे एक जोडलेले असतात आणि साध्या संचात पॅनेलही तसेच साखळीने जोडलेले असतात. त्यामुळे माडाच्या एका चुडताची सावली दोन-चार घटांवर पडली तरी नुकसान तेवढ्याच घटांपुरते राहत नाही.

पाहणी करताना सूर्याची वर्षभराची वाट लक्षात घ्यावी. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर असल्याने मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेला इतका उतरतो की भर दुपारीही त्याची उंची जेमतेम ५१ अंश असते. त्या वेळी दहा मीटर उंचीच्या माडाची सावली उत्तरेकडे सुमारे आठ मीटर लांब पडते. विक्रेत्याचा माणूस मे महिन्यात येऊन ‘सावलीच नाही’ म्हणून गेला, तर त्याचे म्हणणे खरे असूनही अपुरे आहे. शक्य झाल्यास डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखाव्यात आणि तिन्ही वेळा मोकळी राहिलेली जागा मोजावी. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. घराच्या दक्षिणेला शेजाऱ्याचे माड असतील, तर ते आणखी वाढणार आहेत हेही धरावे. सावलीसाठी फळते झाड तोडू नये; छपराच्या दुसऱ्या भागावर संच बसवावा, प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलणारे छोटे यंत्र) लावावा, नाहीतर बेत सोडून द्यावा.

नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, जुन्या छपरावर पॅनेल बसवायचे असेल, तर आधी सुताराला बोलावून वासे आणि रिपा तपासून घ्याव्यात. पॅनेल आणि सांगाडा मिळून दर चौरस मीटरला दहा-पंधरा किलोंचा भार कायमचा बसतो, आणि वाळवी लागलेला वासा तो पेलत नाही. शिवाय नळे काढून पकडी बसवल्या की पहिल्याच पावसात गळतीची शक्यता राहते. माझे मत असे की, स्लॅब किंवा गच्चीवर घातलेले पत्र्याचे मजबूत छप्पर उपलब्ध असेल तर नळ्यांना हात लावू नये.

पावसाळा, वारा आणि मीठ

एक किलोवॅटचा संच वर्षाची सरासरी धरता दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. जुलैतल्या संततधारेत तोच आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून पावसाळ्यातली गरज भागेल एवढा मोठा संच घेण्याच्या नादी लागू नये. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) असल्यास कोरड्या महिन्यांतली जादा वीज ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, जाते आणि ते युनिट पुढच्या बिलांत वळते होतात. मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्यासाठीचा साठवणीचा जिन्नस) भरून ठेवावा, तशी ही पावसाळ्याची बेगमी समजावी. मात्र हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात जुलैच्या रात्री तुमच्या घरात येणारी वीज बहुधा कोळशाचीच असते, आणि सौरविजेची खरी मर्यादा तीच आहे: सूर्य मावळतो तेव्हाच राज्यभर दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. नेट मीटर असल्यास वीज दुपारी वापरली की रात्री, याने तुमच्या बिलात फरक पडत नसला, तरी विहिरीचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र आणि स्कूटरचे चार्जिंग दुपारी उरकून घेतले तर संध्याकाळचा भार खरोखर हलका होतो.

समुद्रापासून जवळ घर असेल, तर पॅनेलइतकेच लक्ष नट-बोल्टांकडे द्यावे. खाऱ्या हवेत साधे लोखंडी बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात आणि गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा गरम जस्तात बुडवून मुलामा दिलेला असावा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत, आणि पॅनेलची खाऱ्या धुक्याची चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात झाडे आणि विजेचे खांब उन्मळून टाकले, हे लक्षात ठेवून सांगाडा किती वेगाच्या वाऱ्यासाठी आखला आहे ते लेखी घ्यावे. डिचोली, सांगे यांसारख्या खाणपट्ट्यांत तांबडी धूळ साचते. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुवावे, तापलेल्या काचेवर दुपारी पाणी ओतू नये.

वीज गेली की काय होते

वीज गेल्यावर बॅटरी नसलेला, ग्रीडशी जोडलेला संचही बंद पडतो, भर उन्हात असला तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छपरावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तो दोष नसून संरक्षण आहे. ज्यांच्या गावात पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते, त्यांनी ‘हायब्रिड’ (ग्रीड आणि बॅटरी दोन्हींशी जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी घ्यावी, पण ती दिवे, पंखे आणि फ्रिज यांपुरतीच. शिशाची बॅटरी स्वस्त असते, मात्र काही वर्षांत बदलावी लागते आणि उघड्यावर वितळवलेले शिसे माणसांना, विशेषतः मुलांना, विषारी ठरते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी महाग असली तरी अधिक टिकते, आणि तिच्यात कोबाल्ट नसतो, त्यामुळे काँगोतल्या कोबाल्ट खाणींमधल्या बालमजुरीचा प्रश्न तिला चिकटत नाही. लिथियमच्या खाणकामाचा प्रश्न उरतोच.

कागद

केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरवले आहे. त्यासाठी भारतीय बनावटीचे पॅनेल लागते. गोव्यात अडते ते वेगळ्याच ठिकाणी: वीजजोडणी आजोबांच्या नावे, घर पाच भावंडांच्या सामाईक मालकीचे, आणि त्यातली दोघे परदेशात. अर्जदाराचे नाव आणि बिलावरचे नाव जुळावे लागते. तेव्हा नाव बदलण्याचा अर्ज वीज खात्यात आधी करावा आणि सहमालकांची लेखी संमती घ्यावी, मगच विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यावी.

पॅनेल येते कोठून, जाते कोठे

सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड वीज लागते आणि जगातले बहुतांश सिलिकॉन चीनमध्ये, बरेचसे कोळशाच्या विजेवर, तयार होते. तरीही आपल्याकडच्या उन्हात पॅनेल आपल्या निर्मितीला लागलेली ऊर्जा साधारण एक ते दोन वर्षांत परत देते आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ चालते. कोळशाशी तुलना येथेच संपते, कारण कोळसा प्रत्येक युनिटला नव्याने जाळावा लागतो. इन्व्हर्टर मात्र दहा वर्षांच्या आसपास बदलावा लागेल, तो खर्च सुरुवातीलाच धरावा. सौरपॅनेल आता ई-कचरा नियमांखाली येतात, म्हणून पावती, अनुक्रमांक आणि उत्पादकाचे नाव जपून ठेवावे. फुटलेले पॅनेल भंगारवाल्याकडे देऊ नये.

छप्परच योग्य नसेल तर

सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीच्या गच्चीवर सामाईक दिवे आणि पंपांसाठी संच बसवता येतो का, ते पाहावे. पण अनेकांच्या बाबतीत प्रश्न घरापुरता न राहता गावापर्यंत येईल, कारण मोठ्या सौरप्रकल्पाला मेगावॅटमागे चार-पाच एकर जमीन लागते. अशा वेळी ग्रामसभेत पहिला प्रश्न जागेचा विचारावा. सरकारी कागदांत ‘पडीक’ म्हणून नोंदलेला सडा (जांभ्या खडकाचे पठार) पडीक नसतो. पावसाळ्यात तेथे रानफुले उमलतात, गुरे चरतात आणि खालच्या झऱ्यांना पाणी तेथूनच मुरते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी घटल्याचे आणि सरडे वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे स्वच्छ विजेलाही जमिनीवर किंमत पडते. खाणीच्या उजाड जागा, गोदामांची छपरे, बसस्थानके आणि वाहनतळ आधी वापरून झाले आहेत का, हे विचारावे. दुसरा प्रश्न वाहिनीचा. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या गोवा-तमनार या उच्चदाब वीजवाहिनीला २०२० मध्ये जो विरोध झाला, तो तिच्या मार्गावरील झाडांमुळे झाला, आणि वाहिनीत वीज कोळशाची आहे की सूर्याची याने तुटणाऱ्या झाडांची संख्या बदलत नाही. तिसरा प्रश्न असा की, प्रकल्प संपल्यावर सांगाडे आणि पॅनेल कोण उचलणार, आणि त्यासाठी अनामत रक्कम कोठे ठेवली आहे. हे प्रश्न सभेच्या आधी लेखी द्यावेत, पोच घ्यावी, आणि इतिवृत्तात त्यांची नोंद झाली आहे का, ते पुढच्या सभेत वाचून घ्यावे.