कोपीत टिकेल अशी गोधडी कशी शिवावी

दिवाळी सरली की आमच्या गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. बीड, जालना, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बांबू, चटया आणि प्लास्टिकच्या कागदाच्या त्या खोपटांत संसार चालतो. खाली ओलसर जमीन, वरून दव. पहाटे तीन-चारला माणसं उसाच्या फडात जातात. लहान पोरं एक तर कोपीतच झोपलेली असतात, नाहीतर बैलगाडीत टाकून सोबत नेलेली. या पोरांसाठी मी गेली एकवीस वर्षं गोधड्या शिवते आहे. पहिल्या काही वर्षांतल्या गोधड्या आठवल्या की अजून वाईट वाटतं, कारण त्या दुसऱ्या धुण्यातच गोळा झाल्या होत्या.

गोधडी कशी शिवायची विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘जुन्या साड्या घ्या, थर लावा, धावदोरा घाला, झालं.’ साड्या घेणं सोपं आहे. धावदोराही कुणालाही जमतो. बिघडतं ते मधल्या दोन शब्दांत, आणि तेच कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः थर लावण्याबद्दल आहे.

त्याआधी, गोधडी कुणाच्या अंगावर जाणार आहे ते विचारून घ्या. मी सुरुवातीला पांढऱ्या धोतराच्या, वर बारीक फुलं असलेल्या सुरेख गोधड्या नेल्या होत्या. एका बाईनं हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाली, “लई ग्वाड हाय बाई, पन पांढरी नगं. धुवायला पानी कुटंय?” तेव्हापासून वरचं पान, म्हणजे सगळ्यात वर दिसणारा थर, मी गडद घेते : मातकट, जांभळं, गर्द हिरवं, काळपट लाल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा पूर ओसरल्यावर मदतीच्या कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडलेले मी पाहिले आहेत. त्यात चमकीचे ब्लाऊज होते, फाटके पडदे होते, एकेकटे मोजे होते. देणाऱ्याच्या कपाटात काय नकोसं झालंय हे पाहून केलेलं दान असंच पडून राहतं.

कापड फक्त सुती. यात तडजोड नाही. कोपीत चूल असते, आणि ठिणगी पडली तर नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. शिवाय कृत्रिम धाग्याची साडी सुती पदरांमध्ये, म्हणजे आतल्या थरांमध्ये, गुळगुळीत घसरत राहते, त्यामुळे थर कधीच धड बसत नाहीत. साडी सुती आहे की नाही याची शंका असेल तर एक धागा काढून काडीनं पेटवा. सुती धाग्याला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा आक्रसतो आणि त्याची कडक गोळी बनते. अस्तराला किंवा वरच्या पानाला नवं कोरं कापड, मांजरपाट वगैरे, घेणार असाल तर ते एकदा गरम पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय वापरू नका. त्यातली खळही जाते आणि ते आटायचं तेवढं आटूनही जातं. हे न करता शिवलंत, तर पहिल्या धुण्यात कोरं कापड आटेल, जुनी साडी तशीच राहील आणि सगळ्या गोधडीला सुरकुत्या पडतील.

मापाचा हिशेब सोपा आहे. साडेपाच मीटरच्या साडीचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा साधारण ५४ इंच लांब होतो, आणि पन्हा ४५-४६ इंच असतोच. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे माप पुरतं. एका साडीचे चार पदर आणि वर तुकडे जोडलेलं एक पान असे पाच थर झाले. पाचाच्या पुढे जाऊ नका. जाड गोधडी ऊबदार असते हे खरं, पण ती हिवाळ्यात एका दिवसात वाळत नाही, आणि कोपीत दुसरी गोधडी असतेच असं नाही. ओली राहिली की कुबट वास धरते, मग ती पाचटावर अंथरायला जाते.

साडी उजेडासमोर धरून बघा. बसून बसून विरलेला भाग आणि निऱ्यांच्या खालचा भाग जाळीसारखा दिसतो. तो कापून टाका, नाहीतर आतल्या पदरात घेऊन वर जुन्या चादरीचा तुकडा टाचा. फॉल आणि जरीचा काठ उसवा. वरचं पान मशिनवर जोडून घ्या. शिवणी एका बाजूला दाबून इस्त्री करा. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

आता थर.

साडी न कापता चौपदरी दुमडून शिवा, म्हणजे कडा आपोआप बंद होतात, असा सल्ला मला अनेकींनी दिला आणि मी तीन वर्षं तो पाळला. तो चुकीचा आहे. नेसून नेसून साडीचा खालचा काठ सैलावलेला असतो, वरचा त्या मानानं घट्ट. अखंड साडी दुमडली की तो तिरपा ताण सगळ्या पदरांत एकाच दिशेनं उतरतो. घडीवर कापा आणि चार सुटे पदर करा. रचताना एकाचा सैल काठ दुसऱ्याच्या घट्ट काठावर येईल असे उलटसुलट ठेवा.

जमीन मोकळी आणि स्वच्छ हवी. शहाबादी फरशी असेल तर उत्तम. पलंगावर किंवा गादीवर हे काम करू नका, खालून दबतं आणि सपाटी मिळत नाही. पहिला पदर अंथरा आणि हाताच्या तळव्यानं मध्यातून बाहेर सारखा करा. ओढायचं मात्र नाही. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच व्हायची. आम्ही चौघी चार कोपऱ्यांना बसायचो आणि पापड वाळत घालताना कापड ताणतात तसा खालचा पदर ताणून त्यावर वजनं ठेवायचो. जमिनीवर गोधडी आरशासारखी दिसायची. वजनं काढून उचलली की ताणलेला पदर आपल्या जागी परत जायचा, वरचे पदर तेवढेच राहायचे, आणि मध्ये फुगा. तो फुगा शिवताना सुईपुढे सरकत जायचा आणि शेवटी मधोमध मुठीएवढा साठायचा. मग तो दाबून, चुण्या घालून शिवून टाकायचा. धुतल्यावर त्याच चुण्यांपाशी आतला जुना पदर फाटायचा, चिंध्या एका बाजूला गोळा व्हायच्या आणि बाकीच्या गोधडीत दोनच थर उरायचे. थंडीत पोराच्या अंगावर ती गोळा झालेली बाजू येणार की विरळ, हे कोण सांगणार?

म्हणून कापड सैलही नको आणि ताणलेलंही नको, ते जमिनीवर नुसतं निवांत पडलेलं हवं. हे डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं. तळवा फिरवल्यावर कापड हाताबरोबर सरकलं तर ते सैल आहे. बोटानं उचलू पाहिलं आणि चिमटीतच येईना, तर ते ताणलं गेलंय. पहिला पदर बसला की पाण्याचा अगदी हलका हबका मारा आणि त्यावर दुसरा पदर टाका. ओलसर सुती कापड खालच्या कापडाला धरून बसतं, घड्यांच्या रेषाही निघून जातात. असं करत पाचही थर लावा. प्रत्येक थराला तळव्याचा हात मध्यातून बाहेर. मग पंखा लावून सगळं पूर्ण वाळू द्या. ओलं असताना टाचायला घेऊ नका. वाळताना कापड जरा हलतं, आणि ते टाचायच्या आधी हललेलं बरं.

वाळल्यावर कच्चे टाके. हा टप्पा गाळायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण हे टाके शेवटी उसवायचेच असतात. टाचण्या लावून भागतं असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पाच थरांत टाचणी घालताना कापड उचलावं लागतं आणि तिथंच ते सरकतं. शिवाय एखादी टाचणी आत राहिली तर ती लेकराला टोचणार. लांब सुई घ्या, दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, आणि सुरुवात मधोमध करा. घर सारवताना आपण आतल्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे येतो, आपलाच पाय ओल्या सारवणावर पडू नये म्हणून. तसंच इथे. कडेपासून टाचायला लागलात तर मध्यापर्यंत पोचायला गोधडीवर गुडघे टेकावे लागतात आणि गुडघ्याखाली थर सरकतात. मी मध्यावर बसते, आधी एक अधिकाचं चिन्ह टाचते, आणि चारी दिशांना बाहेर सरकत जाते. दोन ओळींत एक वीत अंतर, टाका बोटभर लांब. डाव्या हाताचा तळवा सुईच्या पुढे सपाट ठेवायचा आणि सुई फरशीला टेकवून वर घ्यायची, कापड उचलून नाही. सुईचं टोक फरशीवर घासल्याचा बारीक आवाज प्रत्येक टाक्याला ऐकू आला पाहिजे. तो आला नाही तर सगळ्यात खालचा पदर टाक्यात सापडलेला नाही. कडा शेवटी.

टाचून झाल्यावर दोन बाजूंनी धरून जोरात झटका आणि रात्रभर दोरीवर टाका. सकाळी दोन्ही बाजू पाहा. खालून झोळ दिसला तर जवळच्या कडेपासून तिथवर टाके उसवा, तळव्यानं जास्तीचं कापड कडेकडे न्या, पुन्हा टाचा. तासभर जाईल. तो जाऊ द्या. पक्का धागा घातल्यावर ही दुरुस्ती होत नाही.

इथवर नीट झालं असेल तर पुढचं सगळं हातवळणाचं काम आहे. कडा आत दुमडून शिवा किंवा मगजी, म्हणजे कडेवर दुमडून शिवायची कापडी पट्टी, लावा. मग कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्याकडे या. मध्यातूनच शिवत बाहेर जायला हवं असं सांगणारे भेटतील. टाचण पक्कं असेल तर दोन्ही रीती चालतात. मी कडेपासून जाते, कारण रोज उचलता-ठेवताना जुन्या साडीची मोकळी कड उसवते. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास. वितीवितीवर ओळी मारून पटापट गोधड्या उरकणारे पुष्कळ आहेत, पण आतलं कापड जुनं आहे. त्याला धरून ठेवायला फक्त धागाच असतो, आणि कालव्यावर दगडावर आपटून धुतल्यावर रुंद ओळींमधलं कापड आत तुटतं. या मापाच्या गोधडीत साधारण पन्नास मीटर शिवण होते. रोज दोन तास बसलात तर दहा-बारा दिवस धरा. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान वापरा. दोरा जाड सुती घ्या, हातभरापेक्षा लांब नको. गाठ थरांच्या आत ओढून लपवा. वर सुटलेल्या दोऱ्याच्या फासात तान्ह्या मुलाचं बोट अडकतं.

मशिनवर पूर्ण गोधडी मारायची असेल तर एवढंच लक्षात ठेवा की मशिनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा थर मागे राहून फुगतो. कापड दाबून धरणाऱ्या मशिनच्या पायाचा दाब कमी करा, टाका मोठ्यात मोठा ठेवा आणि कच्च्या ओळी वितीऐवजी चार बोटांवर घ्या.

तान्ह्या बाळांसाठी ही गोधडी पांघरायला देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडावर जड पांघरूण आलं तर त्याला ते दूर करता येत नाही. त्यांच्यासाठी दोन पदरी मऊ दुपटं वेगळं शिवा आणि गोधडी खाली अंथरायला आहे असं आईला सांगा. टिकल्या, आरसे, बटणं यातलं काही लावू नका.

द्यायच्या आधी एकदा स्वतः धुऊन, कडक उन्हात वाळवा. धुतल्यावर कुठे गोळा झाला तर तो आपल्या घरी कळलेला बरा. साठवायची असेल तर डांबरगोळ्या घालू नका, तान्ह्या बाळांना त्या बाधतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

नेताना आधी कोप्या मोजून या. बारा कोप्या असतील आणि तुमच्याकडे पाच गोधड्या असतील तर थांबा, आणखी शिवा, किंवा लहान टोळी शोधा. पाच घरांना देऊन सात घरांतल्या पोरांना बघत ठेवायचं नाही. संध्याकाळी जा, माणसं फडातून परत आल्यावर, आणि गोधडी आईच्या हातात द्या, मुकादमाच्या नाही. फोटो काढू नका. आणि जानेवारी संपता संपता जाऊन उपयोग नाही, तोवर थंडीचा कडाका काढून झालेला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गोधड्या कोपीत पोचायला हव्यात, म्हणजे साड्या गोळा करायला जून-जुलैमध्ये लागा, आणि थर पावसाळ्यात न लावता गणपती झाल्यावर, हवा कोरडी होऊ लागली की लावा.