नॅनोट्यूबचे स्कॅफोल्ड करताय? आधी एमटीटीची खात्री करा

पीसीएल किंवा कायटोसान या पॉलिमरमध्ये कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळून हाडासाठी स्कॅफोल्ड, म्हणजे पेशी वाढवायचा सच्छिद्र सांगाडा, बनवायचं काम नुकतंच हाती घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. स्पंजी हाडाची दाबशक्ती 2 ते 12 मेगापास्कलच्या घरात, छिद्रं किमान 100 मायक्रॉनची आणि जमल्यास 300 च्या वर, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणारच. त्यात शिरत नाही. बोलायचंय ते एमटीटीबद्दल, म्हणजे पेशी किती जिवंत आहेत हे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीबद्दल.

पण आधी नॅनोट्यूबच्या पावडरीबद्दल. कोरडी पावडर उघड्यावर तोलू नका. आडव्या प्रवाहाच्या लॅमिनार कॅबिनेटमध्ये तर डबी उघडूच नका, तिथली हवा थेट तुमच्या तोंडावर येते. लांब, ताठ नळ्या उंदरांच्या पोटातल्या आवरणावर अ‍ॅस्बेस्टॉससारखा परिणाम करतात, हे 2008 मध्ये दाखवलं गेलं. 2014 मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) एमडब्ल्यूसीएनटी-7 हा नळ्यांचा प्रकार 2बी गटात, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकला. सिनियर म्हणतील, ‘आम्ही कायम असंच केलं, काही झालं नाही.’ ऐकू नका. एकदा नळ्या द्रवात नीट भिजल्या की धोका बराच कमी होतो, त्यामुळे घाबरून विषय सोडायचीही गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात मी अडकले आणि अजून नवे लोक अडकताना बघते. एमटीटी.

जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीपासून फॉर्मझान हे जांभळं रंगद्रव्य बनवतात, आपण ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवतो आणि 570 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो याचं रीडिंग घेतो. फॉर्मझान पाण्यात विरघळत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक होतात. हे स्फटिक नॅनोट्यूबला चिकटतात आणि मग डीएमएसओतही पुरते सुटत नाहीत. पेशी मजेत असतात, रंगही तयार झालेला असतो, पण तो नळ्यांनी धरून ठेवलेला असतो. रीडिंग पडतं आणि आपण लिहून मोकळे होतो: पदार्थ विषारी. 2006 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या गटाने हे नीट दाखवलं. एमटीटीत पेशी मरताना दिसत होत्या, त्याच पेशी डब्ल्यूएसटी-1 या दुसऱ्या रंग-चाचणीत ठणठणीत होत्या, कारण त्याचं फॉर्मझान पाण्यात विरघळतं.

स्कॅफोल्डमध्ये हे लक्षात येणं आणखी अवघड. नुसत्या पीसीएलची चकती पांढरी असते, डीएमएसओनंतर जांभळं उरलं तर डोळ्यांना दिसतं. नॅनोट्यूबची चकती काळी. तिच्यावर काय उरलंय ते काही केल्या दिसत नाही.

‘पेशी न घातलेला ब्लँक लावलाय की’ असं बरेच जण सांगतात. थांबा. पेशीच नाहीत म्हणजे फॉर्मझान नाही, आणि फॉर्मझान नाही तर चिकटणार काय? तो ब्लँक फक्त वाढीव रीडिंग पकडतो, म्हणजे सुटून आलेल्या नळ्यांनी शोषलेला प्रकाश वगैरे. गायब झालेला रंग त्यात सापडत नाही. त्यासाठी वेगळं कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, हवं. साध्या प्लेटवर वाढवलेल्या पेशींना एमटीटी द्या, फॉर्मझान होऊ द्या, त्याच वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) पेशी नसलेली काळी चकती टाका, थोडा वेळ ठेवा आणि मग नेहमीसारखं डीएमएसओ घाला. शेजारच्या वेलमध्ये पांढरी चकती. दोन्हींच्या रीडिंगमध्ये फरक आला तर तेवढा रंग तुमच्या नळ्या खातायत. नळ्या पॉलिमरमध्ये खोल गाडलेल्या असतील तर फरक नगण्यही निघेल. पण तो मोजून ठरवायचा.

दुसरी पद्धत जोडीला ठेवाच. माझं मत विचाराल तर डीएनए मोजणं सगळ्यांत भरवशाचं, तेही पेशी फोडून, नळ्या सेंट्रिफ्यूजने खाली बसवून, वरच्या द्रवात. डीएनए फ्लुरोसंट रंगाच्या चमकेवरून मोजतात, आणि अशा पद्धतींनाही नळ्या त्रास देतात, म्हणून इथेही कंट्रोल लागतं. जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या रंगांत दाखवणारे लाइव्ह-डेडचे फोटो सोबत हवेत, पण फक्त फोटोंवर थीसिस उभी करू नये.

सिनियरचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलणं हा सगळ्यांत महाग शॉर्टकट आहे. तो बहुतेक वेळा हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइट (हाडातलं खनिज) किंवा नुसत्या पॉलिमरसाठी लिहिलेला असतो. आणि गाईड निवडताना त्यांचे पेपर किती आहेत यापेक्षा ते ग्राफच्या आधी कच्ची रीडिंग मागतात का, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा. असे गाईड सुरुवातीला जाच वाटतात. तरी त्यांच्याकडेच जा.

पहिली रीडिंग 70 टक्क्यांच्या खाली आली म्हणून रडत बसू नका. पेशींसाठी पदार्थ विषारी आहे का हे तपासायच्या आयएसओ 10993-5 या मानकाची ती रेषा खरी आहे, पण तुमची मोजणी खरी आहे की नाही हे अजून ठरायचंय. 2006 मध्येच उंदराच्या हाडपेशी नॅनोट्यूबवर वाढवून दाखवल्या गेल्यात, विशेषतः विद्युतभार नसलेल्या नळ्यांवर. विषयात दम आहे.

मात्र नळ्या खरोखर अस्वच्छ असू शकतात. त्यांच्यात उत्प्रेरकाचं लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट उरतं आणि ते पेशींना खरंच मारतं. नवी बाटली आली की हवेत टीजीए (तापवत जाऊन वजन किती घटतं ते मोजायची चाचणी) करा. कार्बन जळून गेल्यावर मागे उरते ती धातूच्या ऑक्साइडची राख. विक्रेत्याच्या कागदावर शुद्धता कितीही लिहिलेली असो, प्रत्येक बॅचचा आलेख तुमच्या वहीत असू द्या.