कॉलेजच्या परसबागेतली भाजी अंगणवाडीच्या ताटात कशी पोचवायची

एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव घातलं की वर्षाचे 120 तास भरायचे असतात आणि त्यातले कितीतरी रॅलीत बोर्ड धरण्यातच जातात, त्यापेक्षा पीओ सरांना (एनएसएस बघणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरना) गाठा आणि कॅम्पसमधली एखादी पडीक पट्टी मागून घ्या. दिवसाचं सहा तास ऊन आणि जवळ नळ एवढं बघा, माती हलकी असली तर शेणखताने सुधारते.

बी आणायच्या आधी जवळच्या अंगणवाडीत जाऊन या. ताईंना विचारा पोरं काय खातात, नाहीतर तुम्ही हौसेने कारली लावणार आणि तीन वर्षांचं पोर ते तोंडात पण घेणार नाही. पालक खिचडीत खपतो, लाल भोपळा चालतो, शेवग्याचा पाला वरणात टाकला तर कोणाला पत्ताही लागत नाही. कुठल्या वारी, किती वाजता भाजी हवी तेही तेव्हाच ठरवा, कुकर लागल्यावर जुड्या घेऊन गेलात तर काय उपयोग.

आता मेन मुद्दा. कॉलेजची बाग किडीने कमी आणि सुट्टीने जास्त मरते! म्हणून परीक्षेचं टाइमटेबल समोर ठेवूनच पेरायचं. जून-जुलैत भेंडी, गवार, घोसाळी (धो धो पावसात पालेभाजी सडते, नादी लागू नका). पाऊस ओसरला की मेथी-पालक, मेथी साधारण महिन्याभरात येते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपासून मागे मोजत या आणि शेवटची पेरणी त्याआधी महिनाभर तरी उरका. आणि सगळं एकदम पेरू नका हो, दर आठवड्याला एक पट्टा, नाहीतर एकाच दिवशी जुड्यांचा ढीग आणि पुढे सगळा ठणठणाट. पालक उपटायचा नाही, दोन बोटं ठेवून कापायचा, परत फुटतो. धणे पेरणार असाल तर आधी चपलेने हलके रगडून दोन फाकी करा.

वाफा तीन फूट रुंद पुरे, दोन्हीकडून हात पोचला पाहिजे, कारण पहिल्या शनिवारी सेल्फीवाली सगळी गँग येते आणि आत पाय पडला की माती दबलीच. मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत घाला, फडक्याने गाळून एकूण 10 लिटर पाणी करा, थोडा साबणाचा चुरा टाका आणि संध्याकाळी फवारा.

मे महिन्यात काही पेरूच नका. वाफ्यावर पालापाचोळा पसरून ठेवा, शेवगा-कढीपत्त्याला मात्र पाणी हवं, ते गावातच राहणाऱ्या दोघा-तिघांनी वाटून घ्या, वॉचमन काकांच्या गळ्यात मारू नका.

मेसमधला वजनकाटा मागून आणा, भाजी देताना तारीख आणि वजन वहीत लिहून खाली ताईंची सही घ्या, शेजारीच कोण किती तास होतं तेही टाका, मग वर्षअखेरीस तासांच्या हिशोबासाठी सरांच्या मागे पळायला नको.