चष्मा उतरवायचा? लेसरआधी हे तपासून घ्या

लेसरचं मनात आलं की पहिला प्रश्न असतो, "खर्च किती येतो?" तो शेवटी विचारा. आधी दोन गोष्टी बघायच्या: नंबर थांबलाय का, आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, लेसर सोसण्याइतका जाड आहे का. इथे अडलं तर बेळगाव, कोल्हापूर, हुबळी कुठेही गेलात तरी भारीतलं मशीन काही करू शकत नाही.

गेल्या दोन वर्षांच्या नंबरच्या चिठ्ठ्या शोधा. चष्म्याच्या दुकानातली असली तरी चालेल, तारीख हवी. वर्षभरात ०.५० पेक्षा जास्त फरक पडला असेल तर थांबा. वय १८ पूर्ण हवंच, पण कॉलेजातल्या मुलांचा नंबर विशीनंतरही वाढताना दिसतो, म्हणून २१ पर्यंत वाट पाहिलेली बरी. लेसर आजचा नंबर काढतं. पुढे वाढणारा नंबर वाढतोच. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबरही बदलतो आणि डोळ्यांची ओलही, त्यामुळे तेव्हा हा विषय काढूच नका.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी त्या काढून ठेवाव्या लागतात: साध्या मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, सिलिंडरच्या टोरिक दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापं चुकतात. "दोन दिवस काढल्या तरी चालतंय" असं कुणी म्हटलं तर दुसरीकडे दाखवा.

आता जाडीचा हिशेब. हा कागदावर स्वतः मांडून बघा. कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. लॅसिक या लेसरच्या प्रकारात वरचा पातळ थर, म्हणजे फ्लॅप, सुमारे ११० मायक्रॉनचा उचलतात आणि खालचा भाग एका नंबरमागे ढोबळमानाने १५ मायक्रॉन झिजवतात. समजा कॉर्निया ५२० आणि नंबर मायनस ५. ११० आणि ७५ वजा केले की ३३५ उरतात, ठीक आहे. तोच नंबर मायनस ८ असेल तर २९० उरतात. २५० च्या खाली जायचंच नाही, आणि सावध डॉक्टर ३०० ची रेघ धरतात. फ्लॅप आणि झीज मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांवर गेली तरी धोका वाढतो; मायनस ८ च्या वेळी ५२० पैकी २३० म्हणजे ४४ टक्के.

जाडी पुरेशी असूनही आकार बिघडलेला असू शकतो. कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो तो केराटोकोनस. सिलिंडरचा नंबर दरवर्षी वाढतोय, चष्मा लावूनही शेवटची ओळ वाचता येत नाही, किंवा भावाबहिणीला हा त्रास आहे, तर संशय घ्याच. कॉर्नियाचा रंगीत नकाशा, म्हणजे टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम, दोन्ही डोळ्यांचा काढून समोर समजावून घ्या. डोळे चोळायची सवय केराटोकोनसला खतपाणी घालते. निपाणीकडे तंबाखूची धूळ, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली बारीक वाळू, ऊसतोडीच्या दिवसांतला पाचटाचा धूर. डोळे खाजत असतील तर आधी ॲलर्जीचं औषध, मग लेसर. शंकू झालेल्या कॉर्नियावर लॅसिक केलं तर तो आणखी फुगतो, आणि मग क्रॉस-लिंकिंग (कॉर्निया घट्ट करायचा उपचार), कडक लेन्स, क्वचित कॉर्निया बदलण्यापर्यंत पाळी येते.

ओलाव्याची तपासणी सोपी आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. १० मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर बरं, ५ च्या आत असेल तर आधी कोरडेपणावर उपचार. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसाही तुटतात, म्हणून पुढचे तीन ते सहा महिने डोळे कोरडे वाटतात. काहींना त्याहून जास्त. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करून डोळ्याच्या मागचा पडदाही (रेटिना) तपासून घ्या. मोठ्या मायनसवाल्यांच्या या मागच्या पडद्याला छिद्र असू शकतं. त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवायची.

प्रकार कोणता, हे तुमच्या कामावरही ठरतं. तालमीत जाणाऱ्या पैलवानाने किंवा कबड्डी खेळणाऱ्याने फ्लॅपवालं लॅसिक टाळावं. फटका बसून फ्लॅप वर्षांनंतरही सरकू शकतो. त्यांना पीआरके बरं. त्यात फ्लॅप नसतो, पण तीन-चार दिवस डोळे चांगलेच झोंबतात आणि नजर स्थिरावायला आठवडे जातात. स्माइल या तिसऱ्या प्रकारात दोन ते चार मिलिमीटरची चीर पुरते, मात्र ते प्लस नंबरसाठी सहसा करत नाहीत. नंबर फारच मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल तर डोळ्यात लेन्स बसवायचा पर्याय विचारा. चोर्ला घाटातून रात्री गाडी चालवणाऱ्यांनी दिव्याभोवती दिसणाऱ्या वलयांबद्दल आधीच बोलून घ्यावं.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात हे सांगायलाच हवं: सैन्यभरतीची तयारी चालली असेल तर त्या पदाची जाहिरात आधी वाचा. लेसर चालतं का, कोणत्या वयानंतर, किती महिने झालेले हवेत, हे पदागणिक बदलतं. एकदा केलेलं मेडिकलमध्ये लपत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना वेगळाच धक्का बसतो. मायनस २ वाला चष्मा काढून पेपर वाचतो. लेसरनंतर लांबचं स्वच्छ दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो.

तारीख ठरवताना दुसऱ्या दिवशीची, आठवड्याची आणि महिन्याची तपासणी धरूनच ठिकाण निवडा. खानापूरच्या आतल्या गावातून कोल्हापूरला तीनदा जाणं जमणार आहे का? परतताना दुचाकी नको. दोन आठवडे डोळ्यात पाणी, साबण, काजळ जाऊ द्यायचं नाही. विहिरीत, नदीत पोहणं महिनाभर बंद. म्हणजे खानापूरच्या भातलावणीत नको, आणि लग्नाच्या आधल्या आठवड्यात तर मुळीच नको: हळद असते, वर तोंडावर अक्षतांचा मारा.

संमतीपत्र अनेकदा कन्नड किंवा इंग्रजीत असतं. न वाचता सही करू नका. मराठीत समजावून मागा.

आता खर्च. ७.५ पेक्षा कमी नंबरसाठी आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, नंतरच्या भेटी आणि पुन्हा लेसर करावं लागलं तर त्याचे पैसे धरलेत का, हे लिहून घ्या. ऑपरेशनआधीच्या मापांची फाइल जन्मभर जपा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढायला ती लागते, आणि लेसरनंतर डोळ्याचा दाब मशीनवर कमी दिसतो, हेही नव्या डॉक्टरला सांगावं लागतं.