बालीच्या जीप-राईडला निघायच्या आधी (सोलापूरकरांसाठी तयारीची यादी)

माझी धाकटी जाऊ सुनीता आणि दीर पोरांना घेऊन पुढच्या महिन्यात बालीला जायलेत, आणि रोज रात्री तिचा फोन, अक्का बूट कुठले घेऊ, अक्का मामांना जमलं होतं ना, अक्का स्वेटर खरंच लागतो का. तिला तुकड्यातुकड्यात सांगून मी दमले म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, बाकी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच. आम्ही चौघं गेलतो, मी, आमचे हे, मुलगी आणि मामा म्हणजे माझे सासरे, वय ६६.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्ही कशात बसणार, कारण बालीत ऑफ-रोड म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकतात. एक म्हणजे बातुर ज्वालामुखीची पहाटेची जीप, त्यात ड्रायव्हर त्यांचा, आपण नुसतं धरून बसायचं. दुसरी एटीव्ही, म्हणजे ती चार जाड टायरची मोटरसायकलसारखी गाडी, ती आपण स्वतः चालवायची, पुढे-मागे गाईड, आणि उबुद गावाच्या बाजूला भातशेतं, ओढे, बोगदे, चिखल. जीपमध्ये आम्ही चौघं, एटीव्हीवर फक्त मुलगी आणि हे, असं आम्ही वाटून घेतलं आणि तेच बरोबर होतं. घरात कुणाची स्लिप डिस्क असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा कुणी गरोदर असेल तर दोन्ही नको, बातुरला नाष्ट्याची जागा छान असते, तिथं बसून खालचं तळं बघा. लाजायचं काय त्यात.

कागदांचं पटकन. पासपोर्टला उतरल्या दिवसापासून सहा महिने शिल्लक पाहिजेत, आणि सोलापुरात पोस्टातच पासपोर्टचं काम होतं तर शेवटपर्यंत थांबू नका. व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा, ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बाली बेटाची वेगळी पर्यटक फी आहे, माणशी दीड लाख रुपिया, तीपण ऑनलाइन भरून क्यूआर मोबाईलमध्ये ठेवा. लाख ऐकून दचकू नका, एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे, रोजचा रेट बघून घ्या. मामा पहिल्या दिवशी चहाचं बिल बघून उठूनच चालले होते.

तारीख धरताना मात्र नीट बघा. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, नोव्हेंबर ते मार्च पावसाचं. पावसात एटीव्हीची मजा उलट जास्त येते म्हणतात, पण बातुरला ढग असला तर सूर्य बिर्य काही दिसत नाही, नुसतं पांढरं. आणि मार्चमध्ये जात असाल तर न्येपी कधी आहे ते आधी बघा. तो त्यांचा नवीन वर्षाचा दिवस, तेही शकच मोजतात, त्यामुळं आपल्या पाडव्याच्या आसपासच येतो, पण आपण गुढी उभारून श्रीखंड खातो आणि ते चोवीस तास घराबाहेर पडत नाहीत, दिवे नाहीत, गाड्या नाहीत, विमानतळसुद्धा बंद. पर्यटकांनीही हॉटेलातच बसायचं. त्या दिवशी जीप बुक झाली असं कुणी म्हणलं तर समजून घ्या समोरचा काय आहे ते.

दुसरं म्हणजे परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. २०१७ च्या नोव्हेंबरात आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळं बालीचा विमानतळ बंद ठेवला होता, आणि २०२४ ला पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी ज्वालामुखी फुटला तेव्हाही बालीची विमानं रद्द झाली. राख इंजिनात गेली की इंजिन बंद पडू शकतं म्हणून ते विमान उडवतच नाहीत. आपली मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं काढलेली असतात, ती राखेला काय माहीत.

बुकिंग करताना विचारायचे प्रश्न मी आता वहीत लिहून ठेवलेत कारण आम्ही फसलो. सगळं इन्क्लुडेड म्हणला होता तो माणूस, आणि पहाटे साडेचारला अंधारात गेटवर एंट्रीचे वेगळे मागितले, कुडकुडत कोण भांडणार, दिले. तर विचारा, एंट्री फी धरून का, एका जीपमध्ये किती जण, पट्टे आहेत का, आमच्या हॉटेलपर्यंत घ्यायला येणार का त्याचे वेगळे, पाऊस आला तर पैसे परत का दुसरी तारीख, वयाची आणि वजनाची अट काय, आणि इन्शुरन्स कशाचा. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. आपली स्वतःची ट्रॅव्हल पॉलिसीसुद्धा उघडून वाचा, मागच्या पानांवर काय-काय कव्हर नाही ते असतं, तिथं अॅडव्हेंचर स्पोर्ट किंवा ऑफ-रोड असा शब्द असला तर एजंटला विचारून जादा कव्हर घ्या. थोडेच जास्त पडतात.

आता कपडे. इथंच सगळे सोलापूरकर चुकतात. आपण ४२-४४ डिग्रीत वाढलेली माणसं, बेट म्हणलं की हाफ चड्डी आणि टोपी. बातुरची उंची १७१७ मीटर, जीप अगदी शिखरावर जात नाही तरी बऱ्यापैकी वर जाते, वरून उघडी, आणि वेळ पहाटे चारची. थंडी साधारण आपल्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या पहाटेसारखी, वर वारा. दक्षिणेला कुटा-सेमिन्याकला राहत असाल तर रात्री दोनलाच निघावं लागतं, उबुदला असाल तर तीन. तर जॅकेट पाहिजे, कानटोपी पाहिजे, आणि मी म्हणते एक पातळ सोलापुरी चादर बॅगेत टाकाच. ह्यांनी मला विमानतळावर चिडवलं होतं, चादर घेऊन फॉरेनला चाललीय म्हणून, आणि जीपमध्ये मागं बसल्यावर दहा मिनिटांत तीच चादर तिघांच्या मांडीवर होती. शेजारच्या जीपमधली गोरी पोरं टॉवेल गुंडाळून बसली होती बिचारी.

बूट बंदच पाहिजेत. तिथं काळ्या लाव्हाचं मैदान आहे, १९६३ च्या उद्रेकातला लाव्हा थिजून त्याचे दगड झालेत, लांबून आपल्या काळ्या रानातल्या ढेकळांसारखे दिसतात पण हात लावला की कळतं, कडा अशा की जात्याला टाकी लावल्यासारख्या. चप्पल घालून उतरलेल्या एका बाईचा अंगठा माझ्या डोळ्यादेखत फाटला. कोरड्या दिवसात पुढच्या जीपची सगळी धूळ आपल्या तोंडात, कारण पहाटे तिथं जीपची रांगच्या रांग असते, निवांत एकटं वगैरे काही नसतं, ते फोटोतच. रुमाल किंवा मास्क आणि चष्मा ठेवा. लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी लेन्स लावू नये.

एटीव्हीसाठी उलटं. तिथं गरम आणि ओलं, जे घालाल ते परत घालायच्या लायकीचं राहणार नाही, जुनी ट्रॅकपँट आणि जुना टीशर्ट. ओढणी नको, मोकळे केस नकोत, गळ्यातलं हॉटेलच्या लॉकरमध्ये. हेल्मेट ते देतात, आमच्या वेळी आतून ओलं आणि वास मारणारं मिळालं, म्हणून पातळ सुती टोपी न्या आतून घालायला. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाईलला पाणी न शिरणारी पिशवी, गळ्यात अडकवायची, ती सोलापुरातही शंभर-दीडशेला मिळते. आणि दोन टॉवेल, आपले चाटी गल्लीतले, हॉटेलचे पांढरे टॉवेल चिखलात घातले तर दंड भरा.

चालवायचं काय ते नीट वाचा, कारण आपण सगळे टू-व्हीलरवाले आणि तीच सवय इथं नडते. एटीव्हीला गिअर बिअर नाही, अॅक्सिलेटर उजव्या अंगठ्याखाली असतो, मूठ पिळायची नाही. गाडी वळणात बाईकसारखी झुकत नाही, तुम्ही तुमचं अंग आतल्या बाजूला टाकायचं. आणि सगळ्यात मोठं, तोल गेल्यासारखं वाटलं तरी पाय खाली टेकवायचा नाही. आपला पाय आपोआप जातो खाली, लूनापासूनची सवय, आणि मागचं चाक त्याच पायावर येतं. ह्यांना गाईडनं तीनदा ओरडून सांगितलं. पाय पायदानावर, म्हणजे पायदानावरच.

बोगद्यात गाईड काय ओरडतो ते कळावं म्हणून दोन-चार शब्द शिकून जा, अवघड नाहीत, निम्मे आपलेच आहेत. भाषेला ते बहासाच म्हणतात. डोक्याला कपाला. म्हणजे बोगदा आला आणि गाईड "कपाला कपाला" करायला लागला की कपाळ वाचवा, खाली वाका. हाती-हाती म्हणजे सांभाळून, रस्त्यावर पाट्या दिसतात तशा, मामा पहिले दोन दिवस हत्ती कुठंय म्हणून बघत होते. पलान-पलान म्हणजे हळूहळू, हा शब्द जीपच्या ड्रायव्हरला बिनधास्त वापरा, तो हसतो आणि खरंच हळू चालवतो. सुक्समा म्हणजे धन्यवाद, हा मात्र बहासाचा नाही, खास बालीच्या भाषेतला.

जीपमध्ये बसायची जागा: म्हाताऱ्या माणसाला ड्रायव्हरच्या शेजारी. मागची सीट मागच्या चाकाच्या वरच येते, सगळे दणके तिथं. आमच्या ह्यांनी व्ह्यू चांगला म्हणून मामांना मागं बसवलं होतं, मी पहिल्या खड्ड्यालाच गाडी थांबवून जागा बदलली. दांडी धरताना कोपरं जरा सैल, पाठ ताठ लावून बसायचं नाही, खड्डा दिसला की ढुंगण सीटवरून किंचित उचलायचं, रिकाम्या ट्रॅक्टर ट्रॉलीत उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. निघायच्या आधी तीन-चार आठवडे कंबर तलावाच्या कडेनं रोज चाला, पोटऱ्या आणि कंबर मोकळी होते, मामांना त्याचाच फायदा झाला. उलटीचा त्रास असेल तर गोळी हॉटेलातून निघतानाच, जीपमध्ये चढल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण घाटाची वळणं आधी येतात.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, तिथले ड्रग्जचे कायदे फार कडक आहेत, खोकल्याच्या कोडीनवाल्या बाटल्या घरी ठेवा. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर खसखससुद्धा नको, तिथं चालत नाही, म्हणजे मसाल्याच्या डब्या चाळून बघा. ओआरएस, डासांचं मलम (डेंग्यू आहे तिथं), बँडेज, आयोडीन. आणि बातुरजवळच्या किंतामणीला कुत्री खूप, दिसायला केसाळ, गोड, पोरं धावतात कुरवाळायला. बालीत २००८ पासून रेबीज आहे. माकडांनाही तोच नियम, लांबूनच नमस्कार. चावलंच तर १५ मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवून थेट दवाखाना.

पैसे: डॉलर नेले तर कोऱ्या नोटा न्या, घडी पडलेल्या, शाई लागलेल्या कुणी घेत नाही नाहीतर रेट पाडतात. बदललेले पैसे शेवटी आपल्या हातानं मोजा आणि मोजल्यावर परत त्याच्या हातात देऊ नका. एक लाखाची नोट लाल आणि दहा हजाराची जांभळी, पहाटे बॅटरीच्या उजेडात दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून वेगवेगळ्या कप्प्यात. टॉयलेटला आणि टीपला सुटे लागतातच.

शाकाहारी लोकांनी आदल्या दिवशीच मेसेज करा, तांपा डागिंग, तांपा इकान, तांपा तलूर, म्हणजे मांस-मटण नको, मासे नकोत, अंडं नको. नाहीतर नाष्ट्याला उकडलेलं अंडं समोर येतं. सांबाल म्हणून जी लाल चटणी देतात तिच्यात बऱ्याचदा तेरासी, म्हणजे कोळंबीचा खारवलेला गोळा असतो, आपल्या ठेच्यासारखी दिसते म्हणून फसू नका. आपली शेंगा चटणी चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, कारण तेल सुटतं आणि मग सगळे कपडे सोलापूर सोलापूर. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत.

ड्रायव्हरनं गाडी सुरू करायच्या आधी समोर डॅशबोर्डवर पानाचा छोटा द्रोण ठेवला होता, त्यात फुलं, भाताची शितं, एक उदबत्ती. तसले द्रोण रस्त्यावर, पायऱ्यांवर पण असतात, पोरांना सांगा ओलांडायचे नाहीत, पाय लावायचा नाही. वर गेल्यावर त्यानं तळ्याकडं हात करून सांगितलं की जुनं बातुर गाव खाली होतं, १९२६ ला लाव्हाखाली गेलं, मग देऊळ आणि गाव दोन्ही वर कड्यावर आणून बसवलं. मामा त्याच्याशी मराठीतच बोलत होते, तो त्याच्या भाषेत, आणि दोघांचं चाललं होतं नीट.

तेवढ्यात मी डबा उघडला. कडक भाकरी आठवडाभर टिकते म्हणून नेली होती, थोडी शेंगा चटणी आणि भाकरीचा तुकडा त्याच्या हातात दिला, त्यानं आधी वास घेतला, मग कुडूम करून मोडली, चावली, आणि दुसरा तुकडा मागून घेतला. म्हणून सुनीता, भाकऱ्या मोजताना चार ड्रायव्हरच्या धर.