बाळाच्या रडण्याने तुमची जुनी भीती उठते तेव्हा

लहानपणी रडलं की मार बसायचा, अशा घरात वाढलेल्या बाईचं शरीर रडणं म्हणजे धोका हेच शिकलेलं असतं. स्वतःचं मूल रडायला लागलं की तिची छाती धडधडते, नाहीतर सगळं अंग बधिर होतं. यात तिचा दोष नाही.

१९७५ साली अमेरिकेत बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आयांविषयी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. मार आठवतो, पण तेव्हाची भीती आठवत नाही, अशा आईच्या हातून तेच पुन्हा घडण्याचा धोका असतो. जिला ते दुखणं आठवतं, ती मुलाला त्यातून वाचवू पाहते. म्हणून सुरुवात वहीपासून करा.

दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा: किती वाजता, मुलाने काय केलं, तुमच्या अंगात काय झालं, आदल्या रात्री झोप किती. नुसतं ‘चिडले’ नको; ‘जबडा आवळला, कान तापले’ असं लिहा. बरेचदा एक-दोनच प्रसंग पुन्हापुन्हा दिसतात, जसं ताटातलं सांडणं किंवा उलट बोलणं. त्याखाली लिहा: मी हे केलं असतं तर घरी काय झालं असतं, आणि मला काय वाटलं असतं? लिहिताना थरथर सुटली तर थांबा. तो भाग समुपदेशकासोबतच करा.

हात उचलावासा वाटला की तान्ह्या बाळाला रिकाम्या पाळण्यात पाठीवर ठेवा. उशी, पांघरूण काढा. मग पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. तेवढं रडल्याने बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

ओरडून झालंच, तर दोघं शांत झाल्यावर मुलाच्या उंचीला बसून सांगा, “मी ओरडले, ते चुकलं. तू घाबरलास ना? चल, दूध पुसू या.” ‘तू असं वागलास म्हणून’ हे शब्द जोडले की माफी वाया जाते. खाऊ देऊन भरपाई नको. आपल्या बालपणाची कहाणीही मुलाला ऐकवू नका, नाहीतर तेच आईला सांभाळायला लागतं.

उलटी चूकही होते. आपल्यासारखं मुलाचं होऊ नये म्हणून कशालाच ‘नाही’ न म्हणणं, आणि साठलं की एकदम फुटणं. झोपेची वेळ, मोबाइल, मारामारी या तीन गोष्टींत नियम ठाम ठेवा, आवाज खाली ठेवा.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत अशा बाईला फार जड जाते, कारण सव्वा महिना ती त्याच घरात, त्याच माणसांच्या हाती असते. सातव्या महिन्याआधीच नवऱ्याशी बोला: रात्री बाळाला कोण घेणार, आणि घरातल्या कोणत्या माणसापाशी त्याला एकटं ठेवायचं नाही. माहेर सुरक्षित नसेल तर जाऊच नका. सासरी मावशी ठेवा, मैत्रिणीला बोलवा.

बाळंतपणानंतर उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर बाळ लगेच दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.